परवाना टपरीला, पण कशासाठी?

आता २०१७ सालचं ते पत्र घेऊ. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवलं, की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना महापालिका-नगरपालिकांमार्फत परवाना द्या, आणि अशा दुकानात चॉकलेट, बिस्किटं, वेफर्स, थंड पेयं विकू देऊ नका. ही दुसरी अट आम्हाला पटते. पोर टपरीवर येतं ते गोळीसाठी. सिगारेट त्याला तिथेच दिसते. पण लिहिणाऱ्यांनी टपरीचा गल्ला कधी पाहिला असावा, असं वाटत नाही. बिस्किटाचा पुडा काढून घेतला, की टपरीवाला तंबाखूवरच जगणार ना?

मग परवाना नकोच? नाही, हवा. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत बंद; पण दंड जास्तीत जास्त २०० रुपये. तो एका संध्याकाळी भरून निघतो. परवाना रद्द झाला तर धंदाच बंद, ही धास्ती वेगळी. मात्र तपासायला कुणी फिरकलंच नाही, तर त्या कागदाचा हप्ता होतो, हे तुम्हा-आम्हाला काय नवीन आहे? म्हणून आमची मागणी साधी आहे: वॉर्डात परवाने किती दिले आणि किती रद्द केले, ते दरवर्षी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा.