इनामगावचा खड्डा आणि संदर्भाचा दुवा

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यातून माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे वसाहतीचे तीन कालखंड निश्चित झाले. तेथे मृत बालकांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरीत असत. असा खड्डा वरच्या थरातून खाली उतरतो व उत्तरकालीन कुंभ पूर्वकालीन मातीत जाऊन बसतो. खड्ड्याचे तोंड कोणत्या थरात आहे हे जो पाहत नाही, त्याच्या हाती वस्तू खरी लागते, पण काळ खोटा लागतो.

या उत्खननाचा ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये छापला गेला. त्यातील पृष्ठाचा निर्देश आजही त्याच मजकुराकडे नेतो. संकेतस्थळाच्या पत्त्याबाबत असे म्हणता येत नाही. पत्ता तोच राहतो, पण त्यामागील मालक वा मजकूर बदलतो. दुव्याचे अपहरण म्हणतात ते हेच. प्रबंधांतून पत्त्यापुढे ‘पाहिल्याची तारीख’ देण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने अपुरी आहे. विद्यार्थ्याने केव्हा पाहिले हे तिच्यावरून कळते. काय पाहिले हे कळत नाही.

पॉलिफिलचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरविणारी ही आज्ञावली असंख्य संकेतस्थळे परक्या पत्त्यावरून थेट मागवीत असत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या पत्त्याचे क्षेत्रनाम दुसऱ्या कंपनीकडे गेले. प्रकल्पाचे मूळ कर्ते अँड्र्यू बेट्स यांनी ती आज्ञावली तत्काळ काढून टाकण्याचा इशारा दिला, तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. जूनमध्ये सॅनसेक या सुरक्षा-संस्थेने उघडकीस आणले की, वाचकांना जुगाराच्या स्थळांकडे वळविले जात आहे. आज्ञावली वापरणारी स्थळे एक लाखाहून अधिक होती. कपट असे की, वळण काही विशिष्ट मोबाइलवर व ठराविक वेळीच लागे आणि व्यवस्थापक आलेला दिसताच ते लागत नसे.

निदानाची खरी अडचण येथे आहे. तक्रार येताच व्यवस्थापक आपल्या संगणकावर स्थळ उघडतो, काही दिसत नाही, आणि तक्रार खोटी ठरवितो. ही पद्धत मुळातच सदोष आहे. वाचक ज्या वाटेने आला त्याच वाटेने, म्हणजे मोबाइलवरून, शोधयंत्राच्या निकालातून, प्रवेश न करता, स्थळ उघडून पाहिले पाहिजे. नंतर सर्व्हरवरील पुनर्निर्देशनाचे नियम, अनोळखी व्यवस्थापक-खाती आणि मूळ प्रतीहून वेगळ्या झालेल्या फाइली तपासाव्यात.

प्रतिबंधाचा नेहमीचा उपाय म्हणजे बाहेरच्या फाइलीची गणिती मुद्रा आपल्या पानात नोंदवून ठेवणे. मुद्रा जुळली नाही तर ब्राउझर ती फाइल नाकारतो. उपाय चांगला आहे, तथापि पॉलिफिलच्या बाबतीत तो निरुपयोगी होता, कारण ती सेवा प्रत्येक ब्राउझरला निराळी फाइल देई. तेथे आज्ञावलीची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे, किंवा ती वापरणेच सोडणे, एवढाच मार्ग होता. क्षेत्रनामाचे नूतनीकरण तर विसरताच कामा नये. मुदत संपलेले नाव कोणीही विकत घेऊ शकतो, आणि जुन्या प्रबंधांतील सारे दुवे त्याला आयतेच मिळतात.

नियतकालिकांच्या बाबतीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालणाऱ्या केअर यादीचा आधार होता. मूळ नियतकालिकाची नक्कल करणारी स्थळे ती नावानिशी दाखवीत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये ती यादी बंद केल्याचे जाहीर केले. ही पारख आता विभागांनाच करावी लागेल. निदान प्रत्येक दुव्यासोबत इंटरनेट अर्काइव्हमधील दिनांकित प्रतीचा पत्ता मागावा. मात्र तेथेही पान यंत्राने टिपलेले असते व यंत्राला दाखविलेले पान वाचकाच्या पानाहून वेगळे असू शकते. म्हणून ती प्रत विद्यार्थ्याने स्वतः उघडून, वाचून मगच नोंदवावी.