सूत्रधार, फासा आणि राक्षस : भूमिकाखेळातील मायावी शक्तीचा विचार

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये सिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ म्हणजे संहितेविना उभे राहणारे नाटकच होय. खेळप्रमुख प्रसंग सांगतो, इतर जण आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात आणि कृतीचे यशापयश फासा ठरवितो. सांगलीकरांस ही रचना परकी वाटू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा रचलेली होती ती पदे. गद्य भाषणे नट आयत्या वेळी करीत. सूत्रधार पदांतून कथा पुढे नेत असे.

या नाटकांतील राक्षसपार्टीच्या आरोळ्यांची पुढे 'अललडुर्र' म्हणून टिंगल झाली. ती काहीशी अन्यायाची वाटते. राक्षस अनावर होता, परंतु सूत्रधाराच्या पदाबाहेर जात नव्हता. मराठी रामकथेतील रावण धनुष्याखाली सापडणार हे प्रेक्षकास ठाऊकच असते. उत्सुकता असते ती तो कसा गर्जेल व कसा फजीत होईल याची.

याउलट उपरोक्त खेळातील राक्षस पाहावा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात तो समाविष्ट आहे. व्याघ्रमुख, उलटे तळहात आणि रूप पालटण्याची विद्या ही त्याची लक्षणे. २०१४ च्या आवृत्तीत सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या इच्छेविना त्यास बाधत नाहीत. वर्णन रेखीव आहे, पण खेळाडूंनी ते एकदा वाचले की मायेची खतावणी होते. म्हणून काही खेळप्रमुख राक्षसाची प्रत्येक शक्ती फाशावर सोडतात. ड्रॅगनच्या श्वासशक्तीस तसा नियम आहेच : एकदा वापरल्यावर सहा बाजूंच्या फाशावर ५ वा ६ पडल्यासच ती परत मिळते. परंतु यदृच्छा म्हणजे माया नव्हे. मायावीस स्वतःचा हेतू असतो. फाशास तो नसतो.

साताऱ्यातील काही विद्यार्थ्यांच्या खेळात प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यय आला. तीन बैठका जपलेले एका विद्यार्थिनीचे पात्र राक्षसाच्या फाशावर ठरलेल्या शक्तीने क्षणार्धात संपले. तिचा रोष पराभवावर नव्हता. 'मी काहीही केले असते तरी हेच झाले असते ना, सर?' असे तिने विचारले, आणि तिचे म्हणणे खरे होते.

यानंतर आम्ही मांडणी बदलली. राक्षसास काय हवे आहे हे खेळप्रमुखाने आधीच निश्चित करावे व ते बदलू नये. तो कोणत्या रूपात येईल एवढेच फाशाने ठरवावे. रूप कोणतेही असो, उलटे तळहात कायम राहावेत, म्हणजे सावध खेळाडूस ओळखण्याची संधी उरते. मारीचाच्या कथेतही मृगाचे सुवर्णत्व हीच शंकेची जागा असून लक्ष्मणास ती दिसते, हे येथे आठवावे.

पुढील बैठकीत राक्षस कृष्णाकाठी नावाडी होऊन आला. त्याच विद्यार्थिनीने नावेत पाय ठेवण्यापूर्वी त्याला उतराईचे पैसे हातावर घेण्यास सांगितले. सहाव्या पातळीच्या मंत्रांचा नियम मात्र आम्हांस वगळावा लागला. नवशिक्या पात्रांपाशी त्याहून वरचा मंत्रच नसतो.