हिवाळ्यातले शेत कोणाचे?

मराठी साहित्यात हिवाळ्यातल्या शेताला एक ठराविक रूप मिळाले आहे. शाळू निसवलेला असतो, हुरडा भाजला जात असतो, शेकोटीभोवती गप्पा रंगलेल्या असतात. शहरातून दोन दिवस गावी गेलेल्या डोळ्याला एवढेच दिसते, याचे आश्चर्य नाही. आश्चर्य वाटते ते प्रस्थापित समीक्षेचे. ग्रामीण साहित्यातील शेत वाचताना तीही 'निसर्गाशी झुंज', 'मातीची ओढ' अशा शब्दांपाशीच थांबते. थंडी निसर्गाची आहे, हे खरे. पण पहाटेच्या थंडीत पाटाच्या पाण्यात उभे राहून दारे कोणी धरायची, हे निसर्ग ठरवीत नाही. ते जमिनीची मालकी ठरवते.

या दृष्टीने आनंद यादवांचे 'झोंबी' (1987) पुन्हा वाचले पाहिजे. 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्राचा गौरव झाला तो मुख्यतः शिकू पाहणाऱ्या मुलाच्या जिद्दीसाठी. जिद्द खरीच आहे. परंतु पुस्तकाचा कणा आहे फाळा. जमीन दुसऱ्याची, कसणारे कुटुंब कागलचे. मोट, उसाचे पाणी, जनावरांची वैरण या कामांना अंत नाही, कारण फाळ्याला अंत नाही. मजूर लावायला पैसा नाही, म्हणून पोराला शाळेतून काढून रानात उभे करायचे. बाप निर्दय वाटतो आणि तो आहेही. पण बायकोचे व मुलांचे फुकटचे श्रम एवढेच भांडवल त्याच्या हाती आहे. 'घरची शेती' या गोड शब्दात हे श्रम लपतात. यादवांनी ते उघडे केले, हे त्यांचे मोठे यश.

बाबासाहेबांनी 1918 सालीच भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून सांगितले होते, की शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर भांडवल आणि श्रम किती प्रमाणात लागतात यावरून ठरते. शेतीवर माणसांचा भार वाढत गेला आणि साधने तुटपुंजी राहिली, हे त्यांचे निदान होते. 'झोंबी'तले भरलेले घर आणि रिकामा हात या निदानाच्या प्रकाशात पाहिले, म्हणजे ती एका बापाच्या स्वभावाची कहाणी उरत नाही.

पण इथेच थांबून 'ग्रामीण आणि दलित यांचे दुःख एकच' असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. हिवाळा सरताना खळे लागते. कुळाची चिंता असते, फाळा देऊन घरात किती दाणे येतील? त्याच खळ्याच्या कडेला महार उभा असतो. वर्षभर गावकी केल्याचा मोबदला त्याला हक्क म्हणून नव्हे, दान म्हणून मिळतो. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' (1978) हे नाव दिले ते उगीच नव्हे. कुळाची उपासमार त्याला गावाबाहेर टाकत नाही. महाराचे श्रम मात्र गावाला हवे असतात आणि माणूस नको असतो. म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावे लागले.

वतन गेले, पण दुसऱ्याच्या शेतात हिवाळा काढणे गेले नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. पोरे फडात, शाळा गावात. 2019 साली ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला, तेव्हा साखरेची खरी किंमत थोडी दिसली. या हिवाळ्याला मराठी साहित्यात शेकोटीइतकी जागा अजून मिळालेली नाही.

तेव्हा शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी शेताचे कोणतेही वर्णन वाचताना तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची? श्रम कोणाचे? वाटा कोणाला? या प्रश्नांना उत्तर न देणारे वर्णन कितीही सुंदर असो, ते अपुरे आहे. आणि हे प्रश्न न विचारणारी समीक्षा मालकाच्या बांधावर उभी आहे.