विटा कोणी भाजल्या?

सिनसिनाटी शहराच्या 'ओव्हर-द-ऱ्हाइन' भागात तेराव्या रस्त्यावर 'ओल्ड सेंट मेरीज' नावाचे चर्च आहे. जर्मन कॅथलिक स्थलांतरितांनी ते बांधले आणि जुलै १८४२ मध्ये त्याचे विधिवत उद्घाटन झाले. शहरातल्या आज उभ्या असलेल्या चर्चांत ते सर्वांत जुने. तिथे खरी ऱ्हाइन नदी अर्थातच नाही. मायामी-इरी कालव्याला गावकरी थट्टेने 'ऱ्हाइन' म्हणत. तो ओलांडला की जर्मन वस्ती लागे. पुढे कालवा बुजवला, १९२८ मध्ये त्यावरून सेंट्रल पार्कवे हा रस्ता गेला आणि थट्टेतले नाव तेवढे मागे राहिले.

या चर्चची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पुरुषांनी कामधंदा सांभाळून भिंती उभारल्या आणि बायकांनी घरच्या भट्ट्यांत विटा भाजल्या. ऐकायला फार छान वाटते. पण माझे शिक्षण अभियांत्रिकीचे. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहीत असलो तरी पदार्थविज्ञान विसरलेलो नाही. मातीची वीट पक्की व्हायला साधारण नऊशे ते हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. पावाची घरगुती भट्टी तीनशेच्या आसपासच दमते. तीत कच्ची वीट वाळेल, पण भाजली जाणार नाही. आणि न भाजलेल्या विटांवर एवढे उंच मनोऱ्याचे चर्च ओहायओच्या पावसात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ उभे राहत नाही.

म्हणून गोष्ट खोटी ठरवून सोडून द्यावी, असे मला वाटत नाही. विटा वाळवण्यापुरती ती खरी असूही शकेल. मला प्रश्न पडतो तो वेगळा. एखाद्या समाजाला स्वतःच्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत जास्त का आवडावी? माझे उत्तर असे की, या गोष्टीत सगळे एकदिलाने राबतात, पैशाचा विषय निघत नाही आणि शेवटी दाखवायला एक इमारत उरते. आपल्या मंडळांच्या स्मरणिका ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. स्मरणिका इतिहास सांगत नाही, ती आभार मानते. आभार मानण्यात गैर काहीच नाही. पण आभाराच्या यादीत जे बसत नाही, ते हळूहळू विसरले जाते. या चर्चच्या नेहमीच्या कथेत अशा तीन गोष्टी बसत नाहीत.

त्याआधी एक शब्द. 'पॅरिश' म्हणजे नुसती इमारत नव्हे. चर्च, शाळा, धर्मगुरू आणि त्यांच्याभोवतीची कुटुंबे मिळून पॅरिश होते. आपल्या वसईच्या ख्रिस्ती समाजाने त्यासाठी 'धर्मग्राम' हा नेमका शब्द रुळवला आहे, तोच मी वापरतो. जर्मनांना वेगळा धर्मग्राम का हवा होता? मिस्सा तर तेव्हा सगळीकडे लॅटिनमध्येच होत असे. अडचण होती प्रवचनाची, गाण्यांची आणि पापकबुलीची. परक्या भाषेत माणूस दुकानाचा हिशेब करू शकतो. मनातले पाप सांगणे जमत नाही. शिवाय भाषा टिकली तर श्रद्धा टिकेल, असा त्या पिढीचा ठाम विश्वास होता.

पहिली गाळलेली गोष्ट म्हणजे भांडण. 'जर्मन समाज' असा एकसंध समाज सिनसिनाटीत नव्हताच. १८४८ ची क्रांती फसल्यावर आलेले अनेक जर्मन धर्मसत्तेचे कडवे विरोधक होते. डिसेंबर १८५३ मध्ये पोपचे दूत बेदिनी शहरात आले, तेव्हा ऐन नाताळाच्या रात्री या मंडळींनी त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढला, पोलिसांशी चकमक झाली आणि रक्त सांडले. भाषा एक, गाव एक, पण एकाला चर्च हवे आणि दुसऱ्याला ते नको. विटांच्या गोष्टीत हा दुसरा जर्मन कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. बँकांवर विश्वास नसलेले कष्टकरी कॅथलिक आपली बचत आर्चबिशप पर्सेल यांचे बंधू फादर एडवर्ड यांच्याकडे ठेवत. १८७८ च्या अखेरीस हा सगळा व्यवहार कोसळला. देणे निघाले जवळपास चाळीस लाख डॉलर. खटले वर्षानुवर्षे चालले. हे संकट एकट्या सेंट मेरीजचे नव्हते, सगळ्या धर्मप्रांताचे होते. पण ज्या समाजाने विश्वासाच्या बळावर चर्च बांधले, त्याच विश्वासावर त्याची बचतही बुडाली, हे एकत्र सांगितल्याशिवाय त्या विश्वासाची किंमत कळत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नेहमीचे उत्तर असे की जर्मन भाषा पहिल्या महायुद्धाने मारली. त्याला पुरावाही आहे. १९१८ मध्ये सिनसिनाटीत रस्त्यांची नावे बदलली. 'जर्मन स्ट्रीट'चा 'इंग्लिश स्ट्रीट' झाला, 'ब्रेमेन'चा 'रिपब्लिक'. १९१९ मध्ये ओहायओने आठवीखालच्या वर्गांत जर्मन शिकवण्यास बंदी केली. चर्चच्या शाळाही त्यातून सुटल्या नाहीत. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्दबातल ठरवले. पण जर्मनचे वर्ग पुन्हा पूर्वीसारखे भरले नाहीत.

अन्याय झाला, यात शंका नाही. पण आता दुसरी एक तारीख पाहा. 'वारहाइट्सफ्रॉइंड', म्हणजे 'सत्यमित्र', हे अमेरिकेतले पहिले जर्मन कॅथलिक साप्ताहिक जॉन मार्टिन हेन्नी या धर्मगुरूंनी याच शहरात १८३७ मध्ये सुरू केले. सत्तर वर्षे चालून ते १९०७ मध्ये बंद पडले. म्हणजे युद्धाच्या सात वर्षे आधी, आणि अमेरिका युद्धात उतरण्याच्या दहा वर्षे आधी. जर्मनीतून येणाऱ्यांचा ओघ १८८२ मध्ये शिखराला पोचून पुढे ओसरत गेला होता. नवी माणसे येईनात आणि जुन्यांची मुले इंग्रजी वाचू लागली. कायद्याने ज्या भिंतीला धक्का दिला, ती आतून आधीच पोकळ होत आली होती. सगळा दोष युद्धावर टाकला की घरात काय झाले, ते कोणी विचारत नाही. म्हणूनच तो खुलासा सोयीचा.

इथे जर्मनांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या मुलांची भाषा गेली तरी धर्म राहिला, त्यामुळे चर्चचे काम थांबले नाही. जर्मन वस्ती टेकड्यांवरच्या उपनगरांत पांगली, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही सेंट मेरीजमध्ये रविवारी लॅटिनबरोबर जर्मन मिस्सा होत राहिली. भाषेने श्रद्धा टिकवावी, अशी अपेक्षा होती. घडले उलटे. श्रद्धेने भाषेचा एक तुकडा जपून ठेवला.

आपली गोष्ट इथेच वेगळी होते. आपले मंडळ धर्मावर उभे नाही, ते मराठीवर उभे आहे. भाषा गेली तर गणपती राहील, मोदक राहतील, ढोल-लेझीमही राहील. पण मग ते मंडळ नेमके कशाचे? मंडळाचे भवन बांधावे, निधी जमवावा, ही चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. माझा भवनाला विरोध नाही. फक्त भवन उभे राहिले म्हणजे भाषा टिकली, असे समजू नये, एवढेच सेंट मेरीजचा मनोरा मला सांगतो.

म्हणून एक साधी सूचना करतो. पुढच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी तीन आकडे दरवर्षी छापावेत. मराठी शाळेत या वर्षी किती मुले आली, चार वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती टिकली, आणि इथे जन्मलेल्या किती सभासदांना ही पुरवणी कोणाच्या मदतीशिवाय वाचता येते. तिसरा आकडा पहिल्या वर्षी शून्य निघाला, तरी तो छापावा.