‘डिव्हाइन विंड’ : वारा दैवी, की मानवी?

केरी इमॅन्युएल यांचा ‘डिव्हाइन विंड’ हा इंग्रजी ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. अटलांटिक महासागरात ज्यांस हरिकेन म्हणतात, त्या चक्रीवादळांचा इतिहास व शास्त्र हा त्याचा विषय. शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात चित्रे व कविता यांस मानाचे स्थान द्यावे हे विरळा. आणि त्यामुळे विवेचनास शैथिल्य येऊ नये, हे त्याहून विरळा.

ग्रंथाचा गाभा म्हणजे वादळाची उपपत्ती. चक्रीवादळ हे एक उष्णतायंत्र होय. तप्त समुद्राच्या वाफेतून ते उष्णता घेते, उंचावरील अतिशीत हवेत ती टाकते, आणि या देवघेवीतून वाऱ्याचे बळ निर्माण होते. समुद्र तापला म्हणजे त्या बळाची कमाल मर्यादा वाढावी, हे अनुमान ग्रंथकारांनी १९८७ सालीच मांडले होते. वादळांची एकूण संख्या वाढते असे यातून निष्पन्न होत नाही. उतावळे लेखक हा भेद विसरतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने २०२१ साली दिलेला निर्वाळाही असाच मोजका आहे : गेल्या चार दशकांत प्रबळ वादळांचे प्रमाण बहुधा वाढले आहे.

आमचा आक्षेप आहे तो ग्रंथाच्या नावावर. १२७४ व १२८१ साली कुब्लाईखानाची आरमारे जपानच्या किनाऱ्यावर वादळांत सापडली, आणि जपानी लोकांनी त्या वाऱ्यास ‘दैवी’ म्हटले. नाव इतिहाससिद्ध आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ग्रंथकारांचीच उपपत्ती स्वीकारली, तर आजच्या वादळास हे नाव शोभत नाही. समुद्रात साठणाऱ्या वाढत्या उष्णतेस मुख्यतः मनुष्याने जाळलेला कोळसा व तेल कारण आहे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. किनाऱ्यावर येईपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरून वादळ तिसऱ्या श्रेणीस उतरले होते. शहर बुडाले ते प्रामुख्याने मनुष्याने बांधलेले बांध फुटल्यामुळे. अशा आपत्तीस दैवी म्हटले की बांध बांधणारा सुटतो, आणि समुद्र तापविणाराही सुटतो. ‘दैव’ हा शब्द आमच्या भाषेतही याच सोयीसाठी वारंवार वापरला जातो.

एवढे वगळता ग्रंथ उत्तम आहे. वाचकांनी तो अवश्य वाचावा. मुखपृष्ठावरील विशेषणावर मात्र विश्वास ठेवू नये.