बर्नालचा मेंदू आणि मार्क्सची 'प्रकृती'

मानवातीतवादाची मुळे शोधणाऱ्या अभ्यासकाला जे. डी. बर्नालच्या 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल' (१९२९) या छोटेखानी पुस्तकाची दखल घ्यावीच लागते. ('ट्रान्सह्यूमॅनिझम'ला 'अतिमानववाद' म्हटले, की नित्शे आणि श्रीअरविंद हे दोघेही विनाकारण दारात येऊन उभे राहतात, म्हणून येथे 'मानवातीतवाद'.) बर्नाल हा स्फटिकशास्त्रज्ञ, विशीतच कम्युनिस्ट झालेला. माणसाने अवयवांचा भार टाकून केवळ मेंदू यंत्राच्या आवरणात जतन करावा आणि असे अनेक मेंदू जोडून एक संयुक्त मन घडवावे, ही त्याची कल्पना.

ही कल्पना मार्क्सवादाशी सुसंगत आहे काय? वरवर पाहता आहे. 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) श्रमाचे विवेचन करताना मार्क्स म्हणतो, की बाह्य निसर्ग पालटताना माणूस स्वतःचा स्वभावही पालटतो. मूळ जर्मनमध्ये दोन्ही ठिकाणी 'नाटूर' हा एकच शब्द आहे. मराठीत 'निसर्ग' आणि 'स्वभाव' असे दोन शब्द योजताच विधानाची धार जाते. 'प्रकृती' हा शब्द मात्र दोन्ही अर्थ पेलतो, शिवाय देहाचे आरोग्यही सुचवतो. मानवी देह अंतिम नव्हे, हे मार्क्स आणि बर्नाल या दोघांनाही मान्य व्हावे.

परंतु पालटणारा कोण? मार्क्सचा कर्ता समाजबद्ध श्रम करणारा मानव आहे, आणि त्याचे पालटणे इतिहासात घडते. बर्नालचा कर्ता प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात तो स्वतःच मानवजातीची फाळणी कल्पितो: रूपांतरित शास्त्रज्ञ एकीकडे, जुनी मानवजात दुसरीकडे, आणि पृथ्वी जणू एक कुशलतेने चालविलेले प्राणिसंग्रहालय, ज्यातील रहिवाशांना आपण निरीक्षणाचा विषय आहोत याचा पत्ताही नाही. वर्गाचा अंत इच्छिणाऱ्या लेखकाने येथे वर्गभेद शरीरातच रुजविला आहे. हा केवळ कल्पनाविलास आहे, असा बचाव टिकत नाही. कारण सोव्हिएत राज्यात वैज्ञानिक संस्थाच हळूहळू शासन होतील, ही शक्यता त्याने गंभीरपणेच मांडली आहे.

बोग्दानोव्हचे उदाहरण याउलट आहे. १९२६ मध्ये मॉस्कोत त्याने रक्तसंक्रमणाची संस्था उभारली. दोघांनी परस्परांचे रक्त घ्यावे, म्हणजे दोघांचेही बळ वाढेल, अशी त्याची धारणा होती. वैद्यकदृष्ट्या ती धोक्याची होती. १९२८ मध्ये एका विद्यार्थ्याशी केलेल्या अदलाबदलीनंतर तो मरण पावला, विद्यार्थी वाचला. तथापि त्या प्रयोगात देणारा आणि घेणारा असे दोन वर्ग नव्हते.