‘आगर’चा भावार्थ

वाच्यार्थ आणि भावार्थ यांतील भेद शिकविण्याची मराठीच्या वर्गातील रूढ रीत शब्दांच्या जोड्या लावण्याची आहे. ‘घर’ व ‘सदन’, ‘आई’ व ‘जननी’, ‘मरणे’ व ‘निवर्तणे’ अशी उदाहरणे फळ्यावर मांडली जातात. वस्तू तीच, भावना निराळी, एवढे सांगून पाठ संपतो. या रीतीमागे एक गृहीतक आहे. वाच्यार्थ हा स्थिर, सर्वांना समान आणि अगोदरचा. भावार्थ हा मागाहून त्यावर चढलेला रंग. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांनी १९२३ साली ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’मध्ये भाषेच्या निर्देशात्मक व भावनिक उपयोगांत जो भेद केला, त्याचेच हे सोपे झालेले रूप म्हणता येईल. विश्लेषणासाठी तो भेद उपयुक्त आहे. शब्द असाच घडतो असे मानले की मात्र घोटाळा होतो.

भाईंदरच्या वर्गात ‘आगर’ हा शब्द ठेवला, तर हा घोटाळा उघड होतो. कोशात त्याचे दोन अर्थ शेजारी नांदतात : नारळी-पोफळीची बाग आणि मीठ पिकविण्याची जागा. दक्षिण कोकणातील वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर सावली आणि पाटाचे पाणी येते. वसईच्या खाडीकाठी आगर म्हणजे मिठागर. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने आटू द्यायचे, उरलेले मीठ ओढून ढीग रचायचे आणि पावसाआधी सारे आवरायचे. येथे सावली नाही. ऊन हेच भांडवल. ‘आगरी’ या समाजनामात हेच आगर आहे. म्हणजे आधी अर्थ व मग भावना असा क्रम या शब्दापुरता तरी लागत नाही. श्रमाचा प्रकार बदलतो तेथे वाच्य आणि भाव एकदमच बदलतात. ग्रांथिक मराठीतील ‘गुणांचे आगर’ या प्रयोगात, त्याची व्युत्पत्ती काहीही असो, ना बाग आहे ना मीठ. नुसता साठा आहे. पाठ्यपुस्तकांना तोच प्रयोग अधिक प्रिय असावा, हे नवल नव्हे.

मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. वर्गात आगरी-कोळी घरांतील मुलांशेजारी गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुले बसतात. एखाद्याला ‘आगर’ म्हटल्यावर आजोबांचे भेगाळलेले तळपाय आठवतील. दुसऱ्याला लोकलच्या खिडकीतून दिसलेले पांढरे ढीग. तिसऱ्याला काहीच नाही. यांपैकी भावार्थ कोणता? ‘ज्याचा त्याचा खरा’ हे उत्तर उदार वाटते, पण ते अध्यापनाची जबाबदारी टाळणारे आहे. खासगी आठवण आणि भाषेत साठलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’, ‘मिठाचा खडा पडणे’, ‘जखमेवर मीठ चोळणे’ या प्रयोगांतील निष्ठा, विघ्न आणि क्रौर्य कोणा एकाच्या आठवणीतले नाही. ज्याने मिठागर पाहिले नाही, त्यालाही ते प्रयोगांतून शिकता येते, आणि शिकवताही येते.

या ठिकाणी मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ रिचर्ड्सपेक्षा अधिक उपयोगी पडतो. अकराव्या शतकातील या ग्रंथात व्यंजनेला साहाय्य करणाऱ्या घटकांची गणना आहे : वक्ता, श्रोता, स्वराचा फेर, प्रसंग आणि त्यांच्या जोडीला देश व काल. ‘सूर्य मावळला’ हे एकच वाक्य ऐकणाऱ्यागणिक निराळे सूचित करते, हे त्याचे उदाहरण अभ्यासक्रमात घोकले जाते. त्यातील ‘देश’ मात्र सहसा कोरा राहतो. तो भरण्यास दूर जावे लागत नाही. ‘पाऊस आला’ हे वाक्य घ्यावे. येथे वाच्यार्थ खरोखरच स्थिर आहे, आणि रिचर्ड्सचा भेद येथे चालतो. पण वक्ता कोण व महिना कोणता, हे विचारल्यावाचून विद्यार्थ्याला पुढे सरकता येत नाही. मीठ आणि खार जमिनीतले भात ही दोन्ही पिके घेणाऱ्या घरात हे वाक्य वैशाखात उच्चारले गेले, तर रचलेला ढीग डोळ्यांदेखत विरघळत असतो. ज्येष्ठात त्याच तोंडून आले, तर पेरणीची तयारी सुरू झालेली असते.